दुसऱ्या वर्षीच उघडणारं दार: मेलन मेज फेलोशिप आणि मानव्यविद्यांतली पीएच.डी.

दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमाराला मला दोन-तीन फोन येतात. कुणाची भाची, कुणाच्या मैत्रिणीचा मुलगा. अमेरिकेत कॉलेजात आहे, इतिहासात किंवा साहित्यात पीएच.डी. करायची म्हणतोय, जरा बोलशील का? मी पहिला प्रश्न एकच विचारते: कितवं वर्ष? बहुतेक वेळा उत्तर येतं, शेवटचं. मग मला वाईट वाटतं, कारण ज्या फेलोशिपबद्दल त्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिचा अर्ज दुसऱ्या वर्षीच भरायचा असतो, आणि ते वर्ष केव्हाच मागे पडलेलं असतं.

ही फेलोशिप म्हणजे मेलन मेज अंडरग्रॅज्युएट फेलोशिप, पीएच.डी.कडे जाऊ पाहणाऱ्या बी.ए.च्या विद्यार्थ्यांना शेवटची दोन वर्षं मानधन आणि मार्गदर्शन देणारी. कॅम्पसवर मुलं तिला नुसतं 'मेलन मेज' म्हणतात. मी एका कॉलेजच्या लेखन केंद्रात काम करते. विद्यार्थ्यांचे निबंध, अर्ज, प्रबंधांचे कच्चे खर्डे वाचण्यात माझा दिवस जातो. तिथे जे पाहिलं, शिकले, ते इथे क्रमाने सांगते. अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हे आहेच, पण त्यांच्या आईवडिलांसाठीही आहे, कारण अर्धी लढाई घरच्या जेवणाच्या टेबलावर असते.

आधी नावामागचा माणूस

न्यूयॉर्कच्या अँड्र्यू डब्ल्यू. मेलन फाउंडेशनने १९८८ मध्ये हा कार्यक्रम सुरू केला. अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकवणारे प्राध्यापक फार थोड्या समाजांतून येत होते. कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूलनिवासी मुलं बी.ए.पर्यंत पोहोचत, पण पीएच.डी.पर्यंत जाणारी फारच कमी. वर्गात शिकवणारा कोण आहे यावर वर्गात कोणते प्रश्न विचारले जातात हे ठरतं, म्हणून मुळाशीच, बी.ए.च्या मधल्या टप्प्यावर, हात द्यायचा असं ठरलं. सुरुवातीला नावात 'मायनॉरिटी' हा शब्द होता. २००३ मध्ये तो जाऊन बेंजामिन मेज यांचं नाव आलं.

मेज १८९४ साली साउथ कॅरोलायनात जन्मले. आईवडील दोघेही जन्माने गुलाम होते. मेज शिकागो विद्यापीठातून १९३५ मध्ये पीएच.डी. झाले आणि १९४० ते १९६७ अशी सत्तावीस वर्षं अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजचे अध्यक्ष राहिले. मार्टिन ल्यूथर किंग त्यांचे विद्यार्थी.

त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. १९३६ च्या अखेरीला मेज भारतात आले होते. वर्ध्याजवळ गांधीजींना भेटून त्यांनी अहिंसेवर आणि जातिव्यवस्थेवर थेट प्रश्न विचारले. त्याच दौऱ्यात म्हैसूरला अस्पृश्य मुलांच्या एका शाळेत ते गेले. तिथल्या मुख्याध्यापकांनी मुलांशी त्यांची ओळख करून दिली ती अमेरिकेतले एक अस्पृश्य म्हणून. मेज आधी चमकले, थोडे दुखावलेही. मग त्यांच्या लक्षात आलं की मुख्याध्यापक खरं तेच बोलताहेत. हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रातून आलेल्या मुलाला या फेलोशिपचं नाव परकं वाटायचं कारण नाही. स्वतः बाबासाहेब कोलंबियाला जाऊ शकले ते १९१३ साली बडोद्याच्या गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीमुळेच.

कोणाला मिळते, कोणत्या विषयांना मिळते

आजवर हजारो विद्यार्थी मेलन मेज फेलो झाले आणि त्यांतल्या एक हजाराहून अधिक जणांनी पीएच.डी. पूर्ण केली. चाळीसहून अधिक कॉलेजं आणि विद्यापीठं यात आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कॉर्नेल, स्टॅनफर्ड, शिकागो, राइस, ओबर्लिन, बर्कली, यूसीएलए, आणि न्यूयॉर्कच्या सरकारी सिटी युनिव्हर्सिटीतली क्वीन्स, ब्रुकलिन, हंटर, सिटी ही कॉलेजं. ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेजांचा एक गट युनायटेड नीग्रो कॉलेज फंडामार्फत सहभागी आहे. दक्षिण आफ्रिकेत केप टाउन, वेस्टर्न केप आणि विटवॉटर्सरँड ही विद्यापीठं आहेत.

विषयांची यादी नीट वाचा, कारण इथे घोटाळा होतो. इतिहास, साहित्य, भाषा, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, धर्म, मानववंशशास्त्र, पुरातत्त्व, समाजशास्त्र, कलेतिहास, भूगोल, संगीतशास्त्र, चित्रपट अभ्यास हे सगळे बसतात. राज्यशास्त्रातला राजकीय विचारांचा भाग बसतो. अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र बसत नाही. कथा-कविता लिहिण्याचं किंवा अभिनयाचं प्रशिक्षणही बसत नाही; नाटकाचा अभ्यास बसतो, नाटक करणं नाही. आणि पुढे कायदा, वैद्यकीय किंवा एमबीएकडे जायचं ठरलं असेल तर ही फेलोशिप तुमच्यासाठी नाही.

'आम्ही त्यात बसतो का?' हा प्रश्न मराठी घरांतून हमखास येतो. निवड वंश पाहून होत नाही, अर्ज कुणालाही करता येतो. पाहिलं जातं ते हे, की विद्यापीठांत ज्यांचा आवाज आजवर कमी ऐकू आला त्यांच्याशी तुमचं काम आणि तुमचं आयुष्य कसं जोडलेलं आहे. घरातले कॉलेजात जाणारे तुम्ही पहिलेच असाल, घरची मिळकत तुटपुंजी असेल, जातीचे चटके सोसलेल्या कुटुंबातून आला असाल, तर ते संकोच न करता लिहा. जात हा विषय अमेरिकेत आता अनोळखी राहिलेला नाही. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला. आणि दोन्ही पालक इंजिनियर, घर सुखवस्तू, अशा घरातून आला असाल तर ओढूनताणून वंचितपण आणू नका. निवड समितीला ते पहिल्या परिच्छेदात कळतं. त्याऐवजी तुमच्या कामामुळे कोणता प्रश्न नव्याने मांडला जाईल ते सांगा.

पहिली पायरी: समन्वयकाला शोधा

अर्ज फाउंडेशनकडे करायचा नसतो, आपल्याच कॉलेजात करायचा असतो. प्रत्येक सहभागी कॉलेजात या कार्यक्रमाचा एक समन्वयक असतो, बहुतेक वेळा प्राध्यापक किंवा डीन कार्यालयातली व्यक्ती. पहिल्या वर्षाच्या शेवटी किंवा दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांना एकदा प्रत्यक्ष भेटा. एका कॅम्पसवर दरवर्षी साधारण पाचच विद्यार्थी निवडले जातात, त्यामुळे त्यांना नावाने आणि चेहऱ्याने ओळखणारे समन्वयक असतात. सरासरी गुणांची अट, अर्जाची तारीख, मानधनाची रक्कम हे सगळं प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे आणि वर्षागणिक बदलतं. मैत्रिणीच्या कॉलेजचे नियम स्वतःला लावू नका. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे तुमच्या कॅम्पसवर तुम्हाला अर्ज करता येईल का आणि मानधन कसं मिळेल हे आधीच स्पष्ट होईल.

कॉलेज यादीत नसेल तर खट्टू होऊ नका. मॅकनेअर स्कॉलर्स हा केंद्र सरकारचा कार्यक्रम आहे, १९८६ च्या चॅलेंजर अपघातात गेलेले अंतराळवीर आणि भौतिकशास्त्रज्ञ रोनाल्ड मॅकनेअर यांच्या नावाचा. तो मेलन मेजपेक्षा कितीतरी जास्त कॅम्पसवर चालतो, सगळ्या विषयांना खुला आहे, मात्र नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकांसाठीच. तत्त्वज्ञानवाल्यांसाठी पेन स्टेटमध्ये सुरू झालेली पिक्सी ही उन्हाळी शाळा आहे, राज्यशास्त्रासाठी राल्फ बंच समर इन्स्टिट्यूट. आणि १९९० मध्ये फिलिप्स अकॅडमीत सुरू झालेला इन्स्टिट्यूट फॉर रिक्रूटमेंट ऑफ टीचर्स पदव्युत्तर प्रवेशाच्या अर्जांसाठी विद्यार्थ्यांना हाताशी धरून मदत करत आला आहे.

दुसरी पायरी: प्राध्यापकांच्या दाराशी

आपल्या मुलांचं इथेच अडतं. शिक्षकांपुढे गप्प बसणं म्हणजे आदर, असं आपण घरी शिकवलेलं असतं. मुलगी वर्गात सगळ्यात चांगला निबंध लिहिते आणि सेमिस्टर संपेपर्यंत प्राध्यापकांशी चार वाक्यंही बोललेली नसते. मग शिफारसपत्र मागायची वेळ येते तेव्हा प्राध्यापक काय लिहिणार? हुशार आहे, वेळेवर काम देते, एवढंच. अशा पत्राने कुणाचीही निवड होत नाही.

ऑफिस अवर्स म्हणजे प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी मोकळा ठेवलेला वेळ. तिथे गुण वाढवून मागायला जायचं नसतं. वाचलेल्या एका पानावर एक खरा प्रश्न घेऊन जायचं. 'तुम्ही मंगळवारी दिलेल्या लेखात लेखिका मिशनऱ्यांच्या वह्यांवर विसंबते, पण त्या वह्यांत बायकांचं बोलणं कुठे आहे?' असा एक प्रश्न वीस मिनिटांच्या गप्पांना पुरतो. निघताना विचारा, यावर आणखी काय वाचू? त्यांनी सुचवलेलं वाचा आणि तीन आठवड्यांनी परत जा. हे परत जाणं फार महत्त्वाचं, कारण सुचवलेलं वाचून परत येणारे विद्यार्थी थोडे असतात आणि ते प्राध्यापकांच्या लक्षात राहतात.

मार्गदर्शक निवडताना नामांकित नावांमागे धावू नका. नामांकित प्राध्यापक वर्षभर रजेवर असू शकतात. तुमचा खर्डा आठवड्यात वाचून लाल शाईने भरून परत देणारा माणूस हवा. त्यांचा विषय तुमच्या विषयाशी तंतोतंत जुळला नाही तरी चालतं. मराठी स्रोतांवर काम करणाऱ्या मुलीला लॅटिन अमेरिकेच्या मौखिक इतिहासावर काम केलेल्या बाईंनी उत्तम मार्गदर्शन केलेलं मी जवळून पाहिलं आहे. मराठी वाचणारी मुलगी होती, मौखिक स्रोत कसा तपासायचा हे बाईंना ठाऊक होतं.

तिसरी पायरी: प्रश्न लहान करा

अर्जात संशोधनाचा एक प्रस्ताव लागतो, दोन-तीन पानांचा. माझ्याकडे येणारे बहुतेक प्रस्ताव 'मला स्थलांतर, ओळख आणि स्मृती यांवर काम करायचं आहे' असे सुरू होतात. ही तीन कपाटं झाली, प्रश्न झाला नाही.

एक उदाहरण जरा सावकाश सांगते. एका विद्यार्थिनीला दलित स्त्रिया आणि लोकसाहित्य यांवर लिहायचं होतं. मी तिला विचारलं, तुझ्यासमोर नेमकं काय आहे? कोणता कागद, कोणता आवाज? तेव्हा ती जात्यावरच्या ओव्यांकडे आली. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. आता पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्यांतल्या बऱ्याच ऐकायला आणि वाचायला मिळतात. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत.

ठीक. पण 'ओव्यांतले बाबासाहेब' हेही अजून मोठंच. आम्ही एका दुपारी दहा ओव्या लावून ऐकल्या. तिसऱ्या-चौथ्या ओवीला ती म्हणाली, मावशी, ही बाई त्यांना कोणत्या नात्याने हाक मारतेय? तिथे प्रश्न सापडला. गायिका बाबासाहेबांना कोणत्या नात्यात बसवते, ओवीगणिक ते नातं बदलतं का, आणि ज्या ओवीत भाऊ, बाप, लेक यांची रोजची सुखदुःखं गायली जातात तिच्यात एक नेता आला की ओवीचं काय होतं? आता हे करता येण्यासारखं झालं. पन्नास ओव्या घ्यायच्या. वहीत चार रकाने आखायचे: संबोधन, नातं, घरातली वस्तू, सार्वजनिक घटना. एकेक ओवी लिहून काढायची, तिचं इंग्रजी भाषांतर करायचं, आणि भाषांतरात जे हरवतं ते वेगळ्या शाईने टिपून ठेवायचं. 'बाई' हा ओवीतला शब्द इंग्रजीत कसा आणायचा यावर तिने पुढे दोन पानं लिहिली, आणि तिच्या प्रस्तावातली ती सगळ्यात चांगली दोन पानं होती.

प्रस्तावात चार गोष्टी दिसायला हव्यात. प्रश्न एका वाक्यात. तो ज्याच्या आधारे सुटेल ते साहित्य, म्हणजे नेमकी कागदपत्रं, ध्वनिमुद्रणं, ग्रंथ. आधी कोणी काय लिहिलं आणि तुम्ही त्यांच्याशी कुठे सहमत नाही. आणि उन्हाळ्यात आठवड्यागणिक काय करणार. पाचव्या गोष्टीसाठी जागा उरत नाही.

मराठी येणं हे तुमचं भांडवल आहे, घरच्यांना आणि मुलांनाही ते समजत नाही. १९६२ पासून पीएल-४८० या गव्हाच्या कराराच्या पैशांतून भारतीय भाषांतली पुस्तकं अमेरिकन ग्रंथालयांत येऊ लागली, त्यांत मराठी ढिगाने आली. शिकागोसारख्या ठिकाणी जुन्या मराठी नियतकालिकांचे गठ्ठे आहेत आणि ते वाचू शकणारे विद्यार्थी मोजके. घरी मराठी बोलता पण वाचता येत नसेल, तर दुसऱ्या वर्षीच शिकायला लागा. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा मराठी अभ्यासक्रम पुण्यात चालतो. आजीला रोज एक पान वाचून दाखवणं हाही अभ्यासच आहे. गेल ऑम्व्हेट मिनेसोटात वाढल्या, तिथल्याच कार्लटन कॉलेजात बी.ए. झाल्या, आणि १९७३ मध्ये बर्कलीहून पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर पीएच.डी. मिळवली. त्या मराठी शिकल्या आणि पुढे सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या झाल्या. त्या शिकू शकल्या, तुम्हाला तर घरात आयती आहे.

चौथी पायरी: अर्ज आणि मुलाखत

साधारण दुसऱ्या वर्षाच्या वसंत सेमिस्टरमध्ये अर्ज मागवतात. प्रस्तावाबरोबर स्वतःबद्दलचा निबंध, गुणपत्रक आणि दोन शिफारसपत्रं, असा ढोबळ मसाला असतो.

निबंधात पीएच.डी. का, हे सांगावं लागतं. 'मला लहानपणापासून वाचनाची आवड' हे वाक्य सगळ्यांच्या अर्जात असतं, खोडून टाका. एखादा क्षण लिहा जिथे तुम्हाला कळलं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही. पुढे शिकवायचं आहे हेही स्पष्ट लिहा, आणि कुणाला शिकवायचं आहे ते लिहा. या कार्यक्रमाचं मूळ उद्दिष्टच प्राध्यापक घडवणं हे आहे.

शिफारसपत्रासाठी निदान चार आठवडे आधी विचारा. सोबत प्रस्तावाचा खर्डा, त्यांच्या वर्गात लिहिलेला निबंध त्यांच्या शेऱ्यांसकट, आणि अर्जाची तारीख द्या. लिहायला नाही म्हणाले तर आभार माना आणि दुसऱ्यांकडे जा. मनाविरुद्ध लिहिलेलं पत्र न लिहिलेल्यापेक्षा वाईट.

मुलाखतीत तीन-चार प्राध्यापक समोर असतात. एक प्रश्न येतोच: तुमचा तर्क चुकीचा ठरला तर? आमची मुलं इथे घाबरतात, परीक्षा समजून उत्तर पाठ करतात. इथे पाठांतर नको असतं. 'मग ओव्यांतली नाती बदलत नाहीत हाच निष्कर्ष येईल, आणि ती का बदलत नाहीत हा पुढचा प्रश्न होईल,' असं शांतपणे म्हणता आलं पाहिजे. मैत्रिणीला समोर बसवून दोनदा सराव करा, एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत. मराठीत आजीला समजावता आलं नाही तर तुम्हालाच ते अजून कळलेलं नाही.

निवड झाली नाही तर मार्गदर्शकांकडे जाऊन तोच प्रकल्प ऑनर्स थीसिस, म्हणजे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध, म्हणून करा. कॉलेजाचे उन्हाळी संशोधन निधी असतात. पीएच.डी.च्या प्रवेश समित्या काम पाहतात.

पाचवी पायरी: फेलो म्हणून दोन वर्षं

तिसरं आणि चौथं वर्ष फेलोशिपचं असतं. सेमिस्टरमध्ये आणि उन्हाळ्यात मानधन मिळतं, म्हणजे कॉफीच्या दुकानातले तास कमी करून वाचनाला बसता येतं. मार्गदर्शकांची ठरलेली भेट असते, बरोबरच्या फेलोंबरोबर नियमित बैठक असते, आणि शरद ऋतूत विभागीय परिषद असते जिथे वेगवेगळ्या कॉलेजांचे फेलो आपले निबंध वाचतात.

पैशापेक्षा मला या बैठकीचं मोल जास्त वाटतं. पाच जण आठवड्यातून एकदा एकमेकांचे कच्चे खर्डे वाचतात. एकीचं काम हैतीवर, दुसऱ्याचं नावाहो भाषेवर, तिसरीचं ओव्यांवर. कॉलेजात 'इथे आपण उपरे' असं वाटणाऱ्या मुलांना पहिल्यांदा आपल्यासारखीच धडपडणारी माणसं भेटतात, आणि ही नाती पीएच.डी.च्या एकाकी वर्षांत टिकतात.

या काळात तीन सवयी लावून घ्या. वाचलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच दिवशी करा. रोज निदान अर्धा तास लिहा, वाचन पुरं होण्याची वाट पाहू नका. आणि कुणाच्या मुलाखती घेणार असाल, अगदी आपल्याच आत्याच्या, तरी आधी कॉलेजच्या नैतिकता समितीकडे, आयआरबीकडे, विचारणा करा. एका विद्यार्थ्याने अख्खा उन्हाळा मंडळातल्या ज्येष्ठांच्या सुंदर मुलाखती घेतल्या आणि परवानगीची चौकशी आधी केली नाही म्हणून त्यांतलं एक वाक्यही त्याला प्रबंधात वापरता आलं नाही. सल्ला देणाऱ्यांनी त्याला वेळेत सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

सहावी पायरी: घरच्यांशी पैशांची गोष्ट

आईबाबांना दोन भीती असतात: खर्च किती, आणि नोकरी कुठे. खर्चाचं उत्तर सोपं आहे. अमेरिकेत मानव्यविद्यांची चांगली पीएच.डी. स्वखर्चाने करायचीच नसते. विद्यापीठ शुल्क माफ करतं, आरोग्य विमा आणि महिना चालेल असा स्टायपेंड देतं, बदल्यात काही वर्षं शिकवावं लागतं. बी.ए. नंतर थेट जाता येतं, वेगळं एम.ए. लागत नाही. निधी न देता प्रवेश देऊ करणाऱ्या जागी जाऊ नका, हे मी ठामपणे सांगते.

बी.ए.चं कर्ज डोक्यावर असेल तर आणखी एक आधार आहे. पदवीनंतर ३९ महिन्यांच्या आत मान्य विषयात पीएच.डी. सुरू केली तर मेलन मेजकडून १०,००० डॉलरपर्यंतचं पदवीचं कर्ज फेडलं जातं. मे २०२७ मध्ये पदवी घेतलीत तर ऑगस्ट २०३० पर्यंत मुदत, म्हणजे मध्ये एक-दोन वर्षं नोकरी करून, अनुभव घेऊन गेलात तरी चालतं. मी पुष्कळांना एक वर्ष थांबायला सांगते.

नोकरीचं उत्तर कठीण आहे आणि ते लपवू नये. पीएच.डी.ला सहा-सात वर्षं लागतात. कायम प्राध्यापकाच्या जागा कमी झाल्या आहेत, आणि अलीकडे काही मोठ्या विद्यापीठांनी मानव्यविद्यांतले पीएच.डी. प्रवेश कमी केले, काहींनी काही विभागांत एखाद्या वर्षापुरते थांबवले. ग्रंथालयं, संग्रहालयं, प्रकाशन, दप्तरखाने, शाळा इथेही हे शिक्षण घेतलेली माणसं काम करतात, पण प्राध्यापकी नक्की मिळेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. एवढं माहीत असूनही सहा वर्षं याच प्रश्नाबरोबर राहावंसं वाटतंय का, हे मुलाला विचारा. आणि त्याने हो म्हटलं तर आडवे येऊ नका.

सातवी पायरी: पीएच.डी.चे अर्ज

तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात आठ-दहा विभागांची यादी करा. विद्यापीठाच्या नावाने नको, तिथे कोण शिकवतं त्या नावांनी करा. सप्टेंबरमध्ये त्यांतल्या प्राध्यापकांना छोटी ईमेल पाठवा: मी कोण, माझा प्रश्न काय, तुमच्या कोणत्या लेखाशी तो जोडतो, यंदा तुम्ही विद्यार्थी घेणार आहात का. चार वाक्यं पुरेत.

ऑक्टोबरमध्ये तीन शिफारसपत्रांची व्यवस्था. अर्जाच्या तारखा डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच विभागांनी काढून टाकली आहे, तरी प्रत्येक विभागाचं पान वाचा. अर्जशुल्क माफीसाठी फेलो असल्याचं सांगून विचारा, अनेक विद्यापीठं मेलन मेज आणि मॅकनेअरच्या विद्यार्थ्यांना ती देतात. दहा अर्जांचे हजार डॉलर वाचले तर थोडे नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ रायटिंग सॅम्पलला, म्हणजे अर्जासोबतच्या तुमच्या संशोधन-लेखनाच्या नमुन्याला द्या, साधारण पंधरा ते पंचवीस पानं. थीसिसचं प्रकरण जसंच्या तसं उचलून लावू नका. पहिल्या दोन पानांत प्रश्न आणि तुमचं म्हणणं यायलाच हवं, कारण शंभर अर्ज वाचणारा माणूस तिसऱ्या पानावर थकलेला असतो. एसओपीत, म्हणजे 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' या उद्देश सांगणाऱ्या निबंधात, आयुष्याची कहाणी कमी आणि पुढच्या संशोधनाचा आराखडा जास्त. मेलन मेजच्या अर्जातला निबंध आणि एसओपी यांत हा मोठा फरक आहे, आणि मुलं हमखास तिथे चुकतात.

उत्तरं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. बहुतेक विद्यापीठं निधीसह आलेल्या प्रवेशाचा निर्णय १५ एप्रिलपर्यंत घेऊ देतात. आधी दबाव आला तरी त्या तारखेपर्यंत वेळ मागा. भेटीला बोलावलं तर जा आणि प्राध्यापकांपेक्षा तिथल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोला. त्यांना विचारा: उन्हाळ्यात पैसे मिळतात का? मार्गदर्शक खर्डा किती दिवसांत परत देतात? कोणी मध्येच सोडून गेलं का, आणि का? संध्याकाळी चहाच्या वेळी, प्राध्यापक घरी गेल्यावर विचारा, तेव्हा खरी उत्तरं मिळतात.

प्रवेश घेतल्यानंतरही मेलन मेजचा धागा तुटत नाही. पीएच.डी. करणाऱ्या फेलोंसाठी सोशल सायन्स रिसर्च कौन्सिलमार्फत संशोधनाचे छोटे निधी, प्रबंध पुरा करण्यासाठी अनुदानं आणि परिषदा असतात. पहिल्याच वर्षी त्यांना आपला नवा पत्ता कळवा.

ओव्यांवाली मुलगी आता पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षात आहे. मागच्या महिन्यात तिने माजलगावच्या एका ओवीचं भाषांतर पाठवलं. 'बाई' तिने या वेळी इंग्रजीत आणलाच नाही, तसाच ठेवलाय, आणि खाली टीप लिहिलीय दीड पानाची.